खालचा सूर

अमेरिकेत, डेटनला मुलाकडे आले तेव्हा नोव्हेंबर सरत आला होता. सकाळी आठच्या आत मुलगा, सून, नात सगळी घराबाहेर पडत. मग संध्याकाळपर्यंत घरात मी आणि हीटरची एकसुरी घरघर. त्या घरघरीचा सूर मी दुसऱ्याच दिवशी लावून पाहिला होता. पेटीच्या पांढरी तीनच्या जरासा खाली. वर्षानुवर्षं तानपुरा धरलेल्या माणसाला ही सवय लागते. पंखा असो, मिक्सर असो, आधी तो कुठल्या सुरात आहे ते कान शोधतो.

डिसेंबरातल्या एका शनिवारी मी पोळ्या लाटत होते आणि मुलगा शेजारी उभा राहून कांदा चिरत होता. स्पीकरवर त्यानं जुनी अमेरिकन गाणी लावली होती. कुठलीशी खरखरीत, तबकडीवरून उतरवलेली. मी अर्ध्या कानानं ऐकत होते. एक गाणं हळू सुरू झालं, मग एकदम पळायला लागलं. वर दोन-तीन ट्रंपेट एकमेकांना उत्तरं देत होते, मध्ये गिटार होती आणि या सगळ्याच्या तळाशी काहीतरी पुम् पुम् करत चाललं होतं, अगदी बिनचूक.

"अरे, हे खाली वाजतंय ते कोणतं वाद्य?"

"कुठे खाली?"

"गाण्याच्या खाली. बँडमध्ये मोठा कर्णा असतो बघ, अंगाभोवती गुंडाळलेला. तसं वाटतंय."

त्यानं हात पुसले, फोन उचलला, थोडा वेळ वाचत राहिला. "आई, हे वाद्य नाहीये. माणूस आहे. गिटार तेवढी खरी. बाकी सगळं चौघं तोंडानं काढतायत."

मी गॅस बंद केला आणि म्हटलं, "परत लाव."

ते गाणं होतं 'टायगर रॅग' आणि गाणारे होते मिल्स ब्रदर्स. ध्वनिमुद्रण १९३१ सालचं. त्या दुपारी आम्ही ते सात-आठ वेळा तरी ऐकलं असेल. मूळ चाल जुनी. जॅझच्या अगदी आरंभीच्या बँडांनी १९१७ पासून वाजवलेली, पूर्ण पितळी वाद्यांचा ताफा घेऊन. या चार पोरांनी तोच ताफा ओठ, नाक, तळहात आणि एक गिटार एवढ्यावर उभा केला होता. तेव्हाच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटं चालायची. त्या तीन मिनिटांत एकदाही तोल जात नाही, कुणी कुणाच्या पायात येत नाही.

तबकडीवरच्या कागदी चकतीवर कंपनीला एक ओळ छापावी लागली होती. तिचा अर्थ असा, की या ध्वनिमुद्रणात एका गिटारीखेरीज कोणतंही वाद्य किंवा यांत्रिक साधन वापरलेलं नाही. ही ओळ वाचून मला फार बरं वाटलं. नव्वद वर्षांपूर्वीही लोकांनी माझ्यासारखंच विचारलं असणार, हे खाली काय वाजतंय म्हणून.

"आणि गंमत म्हणजे," मुलगा म्हणाला, "हे इथलेच आहेत. पिक्वाचे. आपल्याकडून गाडीनं पाऊण तास पण नाही."

डेटन म्हणजे राइट बंधूंचं गाव. विमान शोधणाऱ्या त्या दोघा भावांच्या नावानं इथे काय काय आहे. पण त्याच नदीच्या वरच्या अंगाला, ग्रेट मायामीच्या काठी, आणखी चार भाऊ होऊन गेले हे मला माझ्या घरात कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनाही ठाऊक नव्हतं. मग हिवाळाभर मी तेच केलं. दुपारी पोळीभाजी उरकली की मिल्स ब्रदर्स. वर्षांप्रमाणे लावून, एकेक ध्वनिमुद्रण.

जॉन, हर्बर्ट, हॅरी आणि डोनाल्ड. जन्मसालं १९१०, १९१२, १९१३ आणि १९१५. वडलांचं नावही जॉनच. वडील न्हावी होते, पिक्वात त्यांचं स्वतःचं दुकान होतं. आणि ते गाणारे होते. 'फोर किंग्ज ऑफ हार्मनी' नावाचा त्यांचा चौघांचा संच होता. त्या काळी अमेरिकेत न्हाव्याचं दुकान आणि चौघांचं गाणं यांचं जुनं नातं होतं. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत तर विशेष. गिऱ्हाईक खुर्चीत, बाकी लोक बाकावर, कुणी एकानं चाल धरली की दुसरा वरचा सूर लावतो, तिसरा मधली फट भरतो, चौथा तळ धरतो. कागद नाही, नोटेशन नाही. त्या गाण्याला पुढे 'बार्बरशॉप' हेच नाव पडलं. आईही गाणारी होती. मुलं चर्चमध्ये गायची आणि शाळा सुटली की वडलांच्या दुकानासमोर किंवा जवळच्या चौकात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी गायची.

इथे मला जरा थांबायचंय, कारण चौघांचं गाणं ऐकायला मला शिकावं लागलं. आपला कान एका सुराच्या मागे जातो. गवई जिथे जाईल तिथे आपण जातो. तो वर गेला की आपली मान वर, तो समेवर आला की आपला हात खाली. चार माणसं एकाच क्षणी चार वेगळे सूर लावतात आणि त्या चारांचं मिळून एक काहीतरी होतं, तेव्हा नेमकं कुणाच्या मागे जायचं? पहिले काही दिवस मी मुख्य आवाज धरून ऐकत होते आणि बाकीचं नुसतं भरलेलं भरलेलं वाटत होतं. मग एका दुपारी मी उलट केलं. सगळ्यात खालचा आवाज धरला. जॉनचा. तो कुठे पाय टाकतो तेवढंच ऐकायचं ठरवलं. आणि वरचे तिघं आपोआप स्वच्छ दिसायला लागले, काच पुसल्यावर दिसतात तसे.

हे मला जमलं त्याला कारण आहे. मिरजेला बाईंकडे मी गाणं शिकले असं लोक म्हणतात, पण अधिक खरं सांगायचं तर बाईंच्या मागे बसून मी एकोणीस वर्षं तानपुरा धरला. गाण्यापेक्षा तानपुराच माझा. पंचम, मग जोडाच्या दोन तारा, मग सगळ्यात खालचा खर्ज. परत पंचम. बाई म्हणायच्या, "खर्ज सोडताना घाई करू नकोस. मला तिथे उभं राहायचं असतं." मैफल संपल्यावर कुणी तानपुऱ्याला दाद देत नाही, आणि द्यावी अशी अपेक्षाही कधी वाटली नाही. पण बाई जिथे उभ्या राहायच्या ती जागा रोज मी तयार करत होते, हे मला माहीत होतं. जॉन मिल्सचा पुम् पुम् ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी माझ्याच जागेवर बसलेलं आहे.

आता कझूची गोष्ट. कझू म्हणजे बोटाएवढी पत्र्याची नळी, आत पातळ पडदा. तोंडात धरून गुणगुणलं की पडदा थरथरतो आणि आवाज घोगरा, पिपाणीसारखा होतो. आपण लहानपणी कंगव्यावर पतंगाचा कागद धरून जे करायचो तेच हे. मिल्स भावंडं सुरुवातीला गाताना मध्ये मध्ये कझू वाजवायची. पिक्वाच्या ऑपेरा हाउसमध्ये हौशी कलाकारांची स्पर्धा होती, चौघं मंचावर उभे राहिले आणि हॅरीच्या लक्षात आलं की आपला कझू हरवलाय. लोक समोर बसलेले. त्यानं दोन्ही हात तोंडापुढे ओंजळीसारखे धरले आणि ट्रंपेटचा आवाज काढला.

त्या कुटुंबात ही गोष्ट पुढे आयुष्यभर सांगितली गेली. मला ती ऐकल्याबरोबर पटली, कारण अशी वेळ मी पाहिली आहे. एका छोट्या बैठकीत, एकच तानपुरा, आणि यमनाचा विस्तार ऐन भरात असताना माझ्या हाताखाली खर्जाची तार तुटली. श्रोत्यांच्या लक्षातही आलं नसेल. बाईंचा आवाज मात्र अर्धा क्षण अडखळला, पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि ती नसावी तसा. त्यांनी मागे न पाहता डावा हात किंचित हलवला आणि हळूच म्हणाल्या, "आ लाव." खर्ज माझ्या गळ्यात कुठला असायला. मी मधला सा लावला, उरलेल्या तारा छेडत छेडत, आणि जवळजवळ वीस मिनिटं तो सोडला नाही. श्वास घ्यायला जागा चोरावी लागत होती. त्या रात्री मला कळलं की वाद्य हातातून गेलं की गळ्यावर काय काय येऊन पडतं. हॅरी तेव्हा शाळकरी पोर होता.

नातीला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ती लगेच ओट्यापाशी उभी राहून हात तोंडापुढे धरायला लागली. तासाभरात आम्हाला थोडं जमलं. डावा तळहात नाकाला आणि ओठांना चिकटवून पन्हाळ करायची, उजवा तळहात त्यावर झाकणासारखा. ओठ जवळजवळ मिटलेले, आवाज नाकातून आणि दाबून. उजवा हात उघडला की आवाज उजळतो, मिटला की गुदमरतो. हे उघडमीट करणंच खरं काम. जॅझच्या बँडात ट्रंपेटवाले वाद्याच्या रुंद तोंडाशी रबरी टोपी धरून तो 'वाव् वाव्' असा रडवेला आवाज काढायचे. या मुलांनी तो रेडिओवर ऐकून हातांनी बसवला. हॅरी एक ट्रंपेट, हर्बर्ट दुसरा, डोनाल्ड सरकत्या नळीचा ट्रॉम्बोन. आणि जॉन, ज्यानं आधी युकुलेली, म्हणजे चार तारांची छोटी गिटार, आणि मग मोठी गिटार हाती घेतली, तो तळाचा ट्युबा, म्हणजे तोच मोठा कर्णा.

१९२८ च्या सुमारास एका स्थानिक बँडबरोबर ही मुलं सिनसिनाटीच्या डब्ल्यूएलडब्ल्यू या रेडिओ केंद्रावर आवाजाच्या चाचणीला गेली. केंद्रानं बँड नाकारला आणि पोरं ठेवून घेतली. डोनाल्ड तेव्हा तेरा वर्षांचा. प्रायोजक बदलला की त्यांचं नावही बदलायचं. आज एका नावानं, उद्या दुसऱ्या. 'चार मुलं आणि एक गिटार' ही ओळख मात्र त्यांना कायमची चिकटली. जॅझमधले नामांकित ड्यूक एलिंग्टन आपला वाद्यवृंद घेऊन त्या भागात आले असताना त्यांनी या मुलांना ऐकलं आणि न्यूयॉर्कच्या ध्वनिमुद्रण कंपनीतल्या माणसाला शब्द टाकला, असं सांगतात. पुढे १९३२ मध्ये एलिंग्टनच्या वाद्यवृंदाबरोबर त्यांनी गाणं ध्वनिमुद्रितही केलं. ज्यांच्या वाद्यांची नक्कल करत पोरं शिकली त्यांच्याच शेजारी उभी राहून ती गायली, ही गोष्ट मला पुढे लंडनला राजाराणीसमोर झालेल्या त्यांच्या कार्यक्रमापेक्षा मोठी वाटते.

न्यूयॉर्कमधली हकीकत अशी, की सीबीएस रेडिओच्या इमारतीत त्यांची चाचणी चालू होती आणि वरच्या मजल्यावर कंपनीचे प्रमुख विल्यम पेली यांना कुणीतरी म्हटलं, जरा तुमच्या खोलीतला स्पीकर लावून ऐका. पेलींनी ऐकलं आणि स्वतः खाली आले. मुलं त्याच रात्री प्रक्षेपणावर गायली आणि पाठोपाठ तीन वर्षांचा करार झाला. देशभर पसरलेल्या रेडिओच्या जाळ्यावर स्वतःचा कार्यक्रम मिळालेले पहिले कृष्णवर्णीय कलाकार म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

याचं वजन कळायला त्या वर्षांतला रेडिओ डोळ्यांसमोर आणावा लागतो. १९३० च्या आसपास अमेरिकेत सगळ्यात जास्त ऐकला जाणारा कार्यक्रम होता 'एमॉस अँड अँडी'. त्यातली पात्रं कृष्णवर्णीय, पण आवाज दोन गोऱ्या नटांचे. काळ्या माणसाची बोली, त्याचा भाबडेपणा, त्याची फजिती, सगळं त्या दोघांनी रंगवलेलं. संध्याकाळी तो कार्यक्रम लागला की रस्ते ओस पडायचे म्हणे. दक्षिणेतल्या राज्यांत तेव्हा कायद्यानंच शाळा वेगळ्या, रेल्वेचे डबे वेगळे, नाटकगृहातल्या बसायच्या जागा वेगळ्या. अशा वेळी त्याच यंत्रातून चार खरे कृष्णवर्णीय तरुण स्वतःच्या आवाजात, कुणाची फजिती न करता, नुसतं सुंदर गाऊन घराघरांत गेले. मी या गोष्टीचा फार विचार केला. ते कुणाशी भांडले नाहीत, भाषणं केली नाहीत. पण रेडिओवर त्या आवाजाला त्याच्या खऱ्या धन्याच्या गळ्यातून जागा मिळाली, आणि ती मिळवायला त्यांना इतकं निर्दोष गावं लागलं की बोट ठेवायला कुणाला फट मिळू नये. त्या तबकड्यांतला बिनचूकपणा मला आता थोडा वेगळाही ऐकू येतो.

दुसरी गोष्ट मायक्रोफोनची. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रण म्हणजे मोठ्या भोंग्यात तोंड घालून जोरानं गाणं. हळुवार काही उमटायचंच नाही. वीज आणि मायक्रोफोन आले आणि कुजबुजही टिपता यायला लागली. मिल्स भावंडांचं सगळं गाणं या एका शोधावर उभं आहे. जॉनचा ट्युबा मोठ्यानं काढलेला आवाज नाहीच. जवळून ऐकलं तर तो जेमतेम गुणगुणण्याइतका असणार, छातीतून आलेला, ओठांवर फुटलेला. जुन्या चित्रफितींत चौघं एकाच मायक्रोफोनभोवती डोकी जवळ आणून उभे दिसतात. मुलाच्या लॅपटॉपवर मी ते पाहिलं. जॉनच्या हातात गिटार, चेहरा शांत, ओठ जेमतेम हलतात, आणि खाली अख्खा कर्णा वाजतोय. नजर मायक्रोफोनकडे नाही, भावांकडे आहे. साथीला बसलेला माणूस असाच बघतो.

मग सगळं भराभर घडत गेलं. १९३१ मध्ये 'टायगर रॅग', दहा लाखांच्या वर खप झाल्याचं सांगतात. त्याच वर्षाच्या शेवटी प्रसिद्ध गायक बिंग क्रॉस्बीबरोबर ध्वनिमुद्रण. १९३२ पासून चित्रपट. १९३४ मध्ये डेका या नव्या कंपनीशी करार, आणि त्याच वर्षी लंडनला रीगल थिएटरात राजे पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी यांच्यासमोर गाणं. पिक्वाच्या चौकातून तिथपर्यंत जायला त्यांना दहा वर्षंही लागली नव्हती.

इंग्लंडमध्ये जॉन आजारी पडला. न्यूमोनिया. बरा व्हायला महिने लागले, आणि पुरता सावरलेला नसताना १९३५ मध्ये ते परत इंग्लंडला गेले. पुन्हा आजारपण. १९३६ च्या जानेवारीत जॉन गेला. पंचविसाव्या वर्षी.

हे मी वाचलं तेव्हा दुपार होती, बाहेर बर्फ पडत होतं. त्या दिवशी मी काही लावलं नाही. तोपर्यंत दीड महिना मी त्याच एका आवाजाचं बोट धरून ऐकत आले होते. आणि एकदम मला त्या तिघांची ती वेळ दिसली. वरचे तिघं तसेच आहेत, गळे तसेच आहेत, ट्रंपेट तसेच आहेत, पण उभं राहायला खाली काही नाही. बाईंचा तो अर्ध्या क्षणाचा अडखळा माझ्या कानात परत आला.

भावांनी संच मोडायचं ठरवत आणलं होतं. आईनं त्यांना सांगितलं, की तुम्ही गात राहावं असंच जॉनला वाटलं असतं, आणि आता तुमचे वडील तुमच्यात येतील. वडील पन्नाशी उलटलेले. त्यांनी आपलं न्हाव्याचं दुकान, आपला जुना चौघांचा संच, सगळं जगून झालेलं होतं. ते आले आणि मुलाच्या जागी उभे राहिले. तोच तळाचा सूर, तोच ट्युबा. गिटारीसाठी बाहेरचा वादक घेतला, कारण दोन्ही कामं एकटा करणारा फक्त जॉनच होता.

मी पुष्कळ वेळा हे मनात धरून पाहिलं आहे. चौघांच्या गाण्यात तळ कसा धरायचा हे मुलांनी वडलांच्या दुकानात ऐकून उचललं असणार. जॉननं ते घेतलं आणि त्याचं काहीतरी नवंच केलं, कर्ण्याचा आवाज केला, रेडिओच्या काळातलं केलं. आणि आता वडलांना आपल्याच मुलाकडून गेलेलं ते नवं शिकून घ्यायचं होतं, मुलगा नसताना. त्याच्या तबकड्या ऐकून? की धाकट्यांनी गाऊन दाखवून? 'बाबा, इथे दादा असं करायचा' असं कुणी म्हटलं असेल का? पहिल्या कार्यक्रमात तो पहिला खालचा सूर लावताना त्या माणसाला काय झालं असेल, हे मला शब्दांत आणता येत नाही. मी फक्त १९३४ ची आणि १९३७ ची ध्वनिमुद्रणं एकापाठोपाठ एक लावली, डोळे मिटून. जॉनचा सूर उडी मारून पुढच्या मात्रेवर जातो, जवान माणूस दोन पायऱ्या एकदम चढतो तसा. वडलांचा सूर जागेवर बसतो आणि बसून राहतो. मला दोन्ही हवे आहेत. पण १९३७ नंतरचं काही ऐकताना माझे डोळे भरून येतात आणि ते मी मुलांपासून लपवत नाही.

पुढचं यश त्याहून मोठं आहे, आणि अमेरिकेत त्यांचं नाव निघालं की आधी तेच आठवतं. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा ते देशाबाहेर होते आणि बराच काळ बाहेरच राहिले. १९४१ मध्ये परतले तोवर इंक स्पॉट्स नावाचा दुसरा संच लोकांच्या गळ्यातला ताईत झाला होता. १९४२ च्या फेब्रुवारीत त्यांनी 'पेपर डॉल' ध्वनिमुद्रित केलं. १९१५ साली लिहिलेलं जुनं गाणं. तबकडीची दुसरी बाजू भरायची म्हणून घेतलं, पंधरा मिनिटांत उरकलं म्हणतात. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेचा ध्वनिमुद्रणावर बहिष्कार सुरू झाला, नवी गाणी येईनाशी झाली, आणि आधी केलेल्यांना मोकळं रान मिळालं. १९४३ च्या अखेरीला 'पेपर डॉल' पहिल्या क्रमांकावर चढलं आणि बारा आठवडे तिथेच राहिलं. घरापासून दूर असलेल्या सैनिकांना ते फार जवळचं वाटलं. मला त्यातला सुरुवातीचा संथ भाग आवडतो. पण हात तोंडापुढे धरून काढलेली ती वाद्यं तोवर मागे पडत चालली होती, आणि पुढे पन्नासच्या दशकात मागे खरे वाद्यवृंदच आले. चांगली गाणी आहेत. मी ती स्वयंपाक करताना लावते. बसून ऐकते ती १९३१ ते १९३५ मधली.

वडील १९५० च्या दशकात, सत्तरी ओलांडल्यावर थांबले. वीस वर्षं त्यांनी मुलाची जागा सांभाळली. नंतर तिघं भाऊ तिघंच गात राहिले. जॉनच्या जागी त्यांनी पुन्हा चौथा माणूस घेतला नाही. १९६७ मध्ये वडील गेले, १९८२ मध्ये हॅरी, १९८९ मध्ये हर्बर्ट. डोनाल्ड आपल्या मुलाला बरोबर घेऊन गात राहिला. त्या मुलाचं नावही जॉन. १९९८ मध्ये जीवनगौरवाचा ग्रॅमी घ्यायला उभा राहिलेला डोनाल्ड शेवटचा. पुढच्याच वर्षी तोही गेला.

माझा परतीचा दिवस मार्चअखेरीचा होता. त्याआधीच्या रविवारी मुलगा म्हणाला, "चल, तुझ्या पिक्वाला जाऊन येऊ." नातही आली. शेतं अजून तपकिरी होती, कडेकडेला मळकं बर्फ उरलेलं. पिक्वा लहानसं गाव आहे. विटांच्या जुन्या इमारती, रुंद रस्ते, रविवार म्हणून सगळं बंद. गावाच्या मध्यभागी मिल्स बंधूंचं स्मारक आहे, १९९० साली उभारलेलं. आम्ही फोटो काढले. मग मी मुलाला म्हटलं, मला थोडा वेळ नुसतं चौकात उभं राहायचंय. न्हाव्याचं दुकान आता कुठे असायला. वारा बोचरा होता. पण त्या चार कोपऱ्यांवर उभं राहिलं की कळतं, इथे गायलेलं समोरच्या भिंतीवरून परत येत असणार. मी हळूच एक सा लावून पाहिला. आला परत.

गाडीत बसल्यावर मुलानं न विचारता 'टायगर रॅग' लावलं. दुसऱ्यांदा लावलं तेव्हा मागच्या सीटवर नातीनं हात तोंडापुढे धरले आणि हॅरीचा ट्रंपेट सुरू केला, आता तिला छानच जमतो. ती वरच्या जागा घेत होती आणि खाली तबकडीतला जॉन होता. मग गाणं संपलं, ती थांबली नाही. दोन-चार मात्रा ती एकटीच होती. आणि माझ्या शेजारून, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर रस्त्याकडे बघत, माझ्या मुलानं खाली पुम् पुम् सुरू केलं. लहानपणी कितीदा सांगूनही तो कधी गायला बसला नव्हता. सूर आधी हलला, मग बसला. मी काही बोलले नाही. माझ्या बाजूची काच थोडी उघडी होती, ती वर केली, म्हणजे बाहेरच्या गाड्यांचा आवाज आत यायला नको.